इन-हाऊस की बाहेरचं मशीन? पहिलं महागडं मेकॅनिकल घड्याळ घेण्याआधी काय काय तपासायचं

पहिलं महागातलं मेकॅनिकल घड्याळ घेताना मी महिनाभर नुसता वाचत होतो आणि त्या सगळ्या वाचनातून डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली होती, की मशीन इन-हाऊस, म्हणजे घड्याळाच्या कंपनीनेच बनवलेलं, असेल तरच पैसे वसूल, नाहीतर नुसते नावाचे पैसे. समोर दोन घड्याळं होती. त्यातलं जे हातावर जास्त शोभत होतं ते मी सोडलं कारण त्यात सेलिटाचं, म्हणजे इतर ब्रँडना तयार मशीनं विकणाऱ्या कंपनीचं, मशीन होतं, आणि दुसरं घेतलं. साडेतीन वर्षांनी ते रात्री काढून ठेवलं की सकाळी बंद पडलेलं दिसायला लागलं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दिलं तर पाच महिने परत आलं नाही, कारण आतलं एक चाक कारखान्यातून यायचं होतं आणि ते चाक जगात दुसऱ्या कोणाकडे मिळतच नाही. त्याच दिवसांत माझ्या भावाचं साधं ईटीएवालं (हीसुद्धा सेलिटासारखी मशीनं बनवणारी कंपनी) घड्याळ आमच्या नेहमीच्या घड्याळजींनी नऊ दिवसांत उघडून, साफ करून, तेल घालून परत दिलं.

यातून इन-हाऊस वाईट असा अर्थ काढू नका. ते घड्याळ आजही माझ्या हातावर आहे आणि मला ते फार आवडतं. पण घेताना जे प्रश्न विचारायला हवे होते ते मला तेव्हा कोणी सांगितले नाहीत, आणि नवीन येणारी बरीच मंडळी नेमकी तिथेच अडकताना दिसतात, म्हणून हे क्रमाने लिहितोय.

## आधी हे जवळ ठेवा

- घड्याळाचा पूर्ण मॉडेल नंबर, ज्याला रेफरन्स नंबर म्हणतात तो. नुसतं नाव पुरत नाही, एकाच नावाखाली दोन-तीन वेगळी मशीनं विकली जातात.
- कॅलिबरचा नंबर, म्हणजे आतल्या मशीनचं नाव
- घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं भिंग, दहापट मोठं दाखवणारं असलं तर उत्तम
- मोबाईलचा टॉर्च
- टायमिंग मोजायचं मोबाईल ॲप, किंवा ओळखीच्या घड्याळजींकडचं टाइमग्राफर मशीन
- जुनं घड्याळ घेत असाल तर वॉरंटी कार्ड, बिल आणि आधीच्या सर्व्हिसच्या पावत्या
- एक छोटी वही

## १. 'इन-हाऊस' म्हणजे नक्की काय ते आधी समजून घ्या

सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. 'स्विस मेड' या शब्दांना कायदा आहे, २०१७ पासून घड्याळाच्या उत्पादनखर्चातला किमान ६० टक्के खर्च स्वित्झर्लंडमध्ये झालेला असावा लागतो, मशीन तिथलं असावं लागतं, जोडणी आणि शेवटची तपासणी तिथे व्हावी लागते. 'इन-हाऊस'ला असा कुठलाच कायदा नाही. ज्याला जसं सोयीचं तसा तो वापरतो, त्यामुळे हा शब्द वाचला की लगेच पुढचा प्रश्न विचारायचा, म्हणजे यातलं नेमकं काय तुमच्याकडे बनतं?

माझ्या डोक्यात त्याच्या ढोबळ पायऱ्या अशा आहेत.

सगळ्यात वरच्या पायरीवर हेअरस्प्रिंगसकट जवळजवळ सगळं स्वतः बनवणारे. हेअरस्प्रिंग म्हणजे बॅलन्स व्हीलला, म्हणजे ठोके देत मागे-पुढे फिरणाऱ्या चाकाला, बसवलेली केसासारखी बारीक गुंडाळी, घड्याळाची वेळ खरं तर तीच धरून ठेवते आणि बनवायला सगळ्यात अवघड तीच. सेइको स्वतःच्या मिश्रधातूपासून ती बनवतं, रोलेक्स बनवतं, जर्मनीतलं लांगे बनवतं. ही यादी फार लांब जात नाही. स्विस उद्योगातल्या बऱ्याच कंपन्या वर्षानुवर्षं निवारॉक्स या कंपनीकडून हेअरस्प्रिंग घेत आल्यात, आणि निवारॉक्स स्वॉच ग्रुपची आहे.

त्याखालच्या पायरीवर डिझाइन आणि मुख्य भाग स्वतःचे पण हेअरस्प्रिंग, ज्युवेल (घर्षण कमी करणारे बारीक खडे), मेनस्प्रिंग (चावी दिल्यावर ताणली जाणारी मुख्य स्प्रिंग) वगैरे बाहेरून घेणारे. बाजारात ज्याला बिनदिक्कत इन-हाऊस म्हणतात त्यातलं बरंचसं इथे बसतं आणि त्यात गैर काहीच नाही.

मग येतात एकाच ग्रुपमधल्या बहिणी-बहिणी. लाँजिनचं एल८८८ मशीन ईटीए बनवते, फक्त लाँजिनसाठी, आणि दोघी स्वॉच ग्रुपच्याच. रिशमाँ ग्रुपमध्ये व्हालफ्लरिए नावाचा कारखाना ग्रुपमधल्या ब्रँडसाठी मशीनं बनवतो. ट्यूडरची मशीनं केनिसीकडून येतात, ट्यूडरनेच उभी केलेली कंपनी, पण त्यात शनेलचा २० टक्के हिस्सा आहे आणि ती इतर ब्रँडनाही मशीनं विकते. आता याला इन-हाऊस म्हणायचं का? वाद घालणारे रात्रभर घालतात. मला विचाराल तर नावापेक्षा एवढं बघा की ते मशीन कोण दुरुस्त करणार.

शेवटच्या पायरीवर तयार मशीन विकत घेऊन त्यावर नक्षीकाम करून, रोटरवर (ऑटोमॅटिक घड्याळात हात हलला की फिरून चावी भरणारं वजन) आपलं नाव कोरून बसवणारे.

यातला सापळा म्हणजे 'एक्सक्लुझिव्ह कॅलिबर', 'आमचं खास कॅलिबर' असले शब्द. 'एक्सक्लुझिव्ह'चा अर्थ दुसऱ्याला विकत नाही एवढाच होतो, स्वतः बनवलं असा होत नाही.

## २. कॅलिबरचा नंबर शोधा आणि त्याच्या मुळापर्यंत जा

ब्रँड मशीनला स्वतःचा नंबर देतात आणि नवीन माणसाला वाटतं हे यांचंच. हे काही नंबर एकदा नजरेखालून घाला.

- टॅग हॉयर कॅलिबर ५: ईटीए २८२४ किंवा सेलिटा एसडब्ल्यू२००
- टॅग हॉयर कॅलिबर १६: व्हाल्जू ७७५० किंवा सेलिटा एसडब्ल्यू५००
- ओरिस ७३३: सेलिटा एसडब्ल्यू२००
- आयडब्ल्यूसी ३०११०: ईटीए २८९२
- आयडब्ल्यूसी ३५१११: सेलिटा एसडब्ल्यू३००
- ब्रायटलिंग १३: व्हाल्जू ७७५०
- ब्रायटलिंग १७: ईटीए २८२४
- पानेराय ओपी ११ (रोमन आकड्यात लिहिलेलं असतं): युनिटास ६४९७, जे मुळात खिशातल्या घड्याळाचं मशीन

नंबर बदललेला असला तरी मापांचे आकडे सहसा मूळ मशीनचेच राहतात आणि ते पाठ झाले की कॅटलॉग वाचतानाच ओळखू येतं. ईटीए २८२४-२ चा व्यास २५.६ मिमी, जाडी ४.६ मिमी, २५ ज्युवेल, तासाला २८,८०० ठोके, पूर्ण चावी दिल्यावर साधारण ३८ तास चालतं. सेलिटा एसडब्ल्यू२०० जवळपास तेच, पण ज्युवेल २६. ईटीए २८९२ चा व्यास तोच पण जाडी फक्त ३.६ मिमी, म्हणून ते पातळ आणि महाग घड्याळांत दिसतं. ७७५० चा व्यास ३० मिमी आणि जाडी ७.९, म्हणूनच ७७५० असलेला क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचवालं घड्याळ, कधी पातळ सापडायचा नाही. कॅटलॉगमध्ये २५.६, २८,८०० आणि २६ ज्युवेल असं दिसलं आणि वर मोठ्या अक्षरात काहीही लिहिलेलं असलं, तरी आत काय आहे ते तुम्हाला कळलं.

सेलिटा म्हणजे नक्कल असं म्हणून नाक मुरडणारे भेटतील. सेलिटा १९५० पासूनची ला शो-द-फाँची कंपनी आहे आणि ती बरीच वर्षं ईटीएचीच मशीनं जोडून द्यायची. मूळ डिझाइनच्या पेटंटची मुदत संपल्यावर त्यांनी स्वतः बनवायला घेतलं, म्हणजे ज्यांचा त्या मशीनवर आधीच हात बसला होता त्यांनीच ते केलं.

कॅलिबरचा नंबर वेबसाइटवर कुठेच दिलेला नसेल तर सरळ ईमेल करून विचारा. उत्तरात "उत्तम दर्जाचं स्विस ऑटोमॅटिक" एवढंच आलं तर पुन्हा विचारा. दुसऱ्यांदाही नंबर मिळाला नाही तर मी ते घड्याळ घेत नाही, मला तरी एवढं पुरेसं आहे.

## ३. घड्याळ हातात घ्या आणि बघा

कागदावरचं खोटं असू शकतं, पण मशीनचा आकार लपत नाही. हा भाग मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतो आणि याला पाच मिनिटंही लागत नाहीत.

तारखेची खिडकी. ती डायलच्या कडेला आहे की आत, मध्याच्या जवळ सरकलेली आहे? तारखेची चकती मशीनवर बसते, त्यामुळे मशीन २५.६ मिमीचं असेल तर तारीख मध्यापासून साधारण अकरा-बारा मिमीच्या पलीकडे सहसा जात नाही. केस, म्हणजे घड्याळाचा बाहेरचा डबा, ४४ मिमीची असेल तर डायलची कड मध्यापासून अठरा-एकोणीस मिमीवर असते. मग तारीख आणि कड यांच्यात बोटभर रिकामी जागा दिसते आणि एकदा ती दिसली की नंतर तीच दिसत राहते. अर्थात छोट्या मशीनला मोठी केस हा काही गुन्हा नाही, पण केसचा आकार बघून आत मोठं दणकट मशीन असेल असं समजू नका.

क्राऊनचे टप्पे. घड्याळात तारीख नाही? तरी क्राऊन, म्हणजे चावी द्यायची बाजूची गोल खुंटी, हळूच बाहेर ओढून बघा. एक टिक, आणि त्या टप्प्यावर फिरवलं तर काहीच होत नाही, मग दुसरी टिक आणि आता काटे फिरतात. तो मधला टप्पा तारीख बदलायचा आहे. म्हणजे मशीन तारखेवालंच आहे, फक्त वरची खिडकी ठेवलेली नाही. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा विक्रेत्यालाही माहीत नव्हतं, तो बिचारा माझ्यासोबत दोन-तीनदा ओढून बघत होता.

क्रोनोग्राफची बटणं. घड्याळ आडवं धरून बाजूने बघा. दोन बटणं आणि क्राऊन एका सरळ रेषेत आहेत का, की बटणं काचेच्या बाजूला थोडी वर आहेत? वर असतील तर साध्या मशीनवर क्रोनोग्राफचा वेगळा मजला चढवलाय, त्याला मॉड्यूल म्हणतात आणि द्युबुआ देप्रा ही कंपनी त्यासाठी प्रसिद्ध आहे. अशा घड्याळात तारीखही विहिरीत पडल्यासारखी खोल दिसते कारण ती खालच्या मजल्यावर आहे. मॉड्यूल असलेली घड्याळं छान चालतात, पण सर्व्हिसला वरचा मजला आधी उतरवावा लागतो, तो खर्च लक्षात ठेवा.

छोट्या डायलची जागा. क्रोनोग्राफचे छोटे डायल १२, ६ आणि ९ वर आणि ३ वर वार-तारीख असेल तर बहुतेक ७७५० किंवा एसडब्ल्यू५००.

रोटरचा हेलकावा. ७७५० चा रोटर एकाच दिशेने चावी भरतो आणि उलट दिशेने मोकळा फिरतो. हात झटकला की मनगटावर घड्याळ स्वतःहून डुललेलं जाणवतं, आत काहीतरी जिवंत असल्यासारखं. भावाच्या दुसऱ्या घड्याळात हेच मशीन आहे, तो जेवतानाही मुद्दाम हात हलवत बसतो. जपानच्या मियोटाची ९०१५ मालिकासुद्धा एकाच दिशेने भरते आणि तिचा मोकळा फिरणारा रोटर शांत खोलीत ऐकू येतो.

मागचं झाकण. काचेचं असेल तर टॉर्च तिरका धरून भिंगातून बघा. मशीनभोवती जाड धातूची किंवा प्लॅस्टिकची कडी दिसतेय का? छोटं मशीन मोठ्या केसमध्ये घट्ट बसवायला ती लागते. मग पुलांच्या, म्हणजे चाकं धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या, कडा बघा, कडांना तिरका चकचकीत कट दिलाय की नुसत्या कापून सोडल्यात, स्क्रूच्या खाचा स्वच्छ आहेत की ओरबाडलेल्या, बॅलन्सखालच्या पट्टीवर ब्रँडनंबराच्या शेजारी एखादं छोटं चिन्ह आहे का. ईटीए आणि सेलिटाचे शिक्के बहुतेकदा बॅलन्सखालीच लपलेले असतात, आणि तो बॅलन्स सेकंदाला आठ ठोके देत हलत असतो त्यामुळे डोळे ताणून बघावं लागतं.

मागचं झाकण बंद असेल तर ते उघडून दाखवायचा आग्रह नवीन घड्याळाला धरू नका, वॉटरप्रूफिंगची वॉरंटी जाते. जुन्या घड्याळाला मात्र जरूर धरा.

## ४. बाहेरचं मशीन म्हणजे हलक्या दर्जाचं घड्याळ, हा समज काढून टाका

हे थोडं विषयांतर वाटेल पण वाचा, कारण किंमत ठरवताना याचा उपयोग होतो.

ओदेमार पिगेचं रॉयल ओक १९७२ चं. पाटेक फिलिपचं नॉटिलस १९७६ चं. वाशेरॉन कॉन्स्टंटिनचं २२२ हे १९७७ चं. तिन्ही आज लोक डोळे मिटून पूजतात, आणि तिघांच्याही पोटात एकाच मुळाचं मशीन होतं, यागर-लकूल्त्रचं ९२०. प्रत्येकाने आपला नंबर दिला, आपली सजावट केली. हातावरचं घड्याळ इतकं पातळ करता आलं ते तारखेसकट जेमतेम तीन मिमी जाडीच्या त्या मशीनमुळे.

रोलेक्स डेटोना घ्या. १९८८ पासून २००० पर्यंतच्या ऑटोमॅटिक डेटोनात झेनिथच्या एल प्रिमेरोवर आधारलेलं मशीन होतं. रोलेक्सने त्याचे ठोके ३६,००० वरून २८,८०० वर आणले, तारीख काढली, बॅलन्स आणि हेअरस्प्रिंग आपल्या पद्धतीचं बसवलं आणि नंबर दिला ४०३०. स्वतःचं ४१३० आलं ते २००० मध्ये. पाटेकच्या ५०७० आणि ५९७० या क्रोनोग्राफमध्ये लेमानियाच्या २३१० चा पाया आहे, आणि चंद्रावर गेलेल्या ओमेगा स्पीडमास्टरचं ३२१ देखील त्याच लेमानियाचं. आता ओमेगा आणि लेमानिया तेव्हा एकाच ग्रुपमध्ये होत्या, मग ते इन-हाऊस की बाहेरचं?

स्विस घड्याळधंदाच मुळात वाटून घेतलेल्या कामावर उभा राहिला. एकाने पुलं करायची, एकाने चाकं, एकाने काटे, एकाने जोडायचं. इन-हाऊसचा आग्रह एवढा वाढायला एक व्यवहारी कारण आहे. २००२ मध्ये स्वॉच ग्रुपने जाहीर केलं की ईटीए बाहेरच्या ब्रँडना जोडणीसाठी द्यायचे सुटे संच हळूहळू बंद करणार. प्रकरण स्वित्झर्लंडच्या स्पर्धा आयोगापर्यंत गेलं, पुढे २०१३ मध्ये टप्प्याटप्प्याने पुरवठा कमी करण्याचा करार झाला. ज्यांचं सगळं ईटीएवर चाललं होतं त्यांना एकतर सेलिटाकडे जायचं होतं नाहीतर स्वतःचं मशीन बनवायचं होतं. ज्यांनी स्वतःचं बनवलं त्यांना तो खर्च वसूल करायचा होता, आणि मग जाहिरातीत 'इन-हाऊस' मोठ्या अक्षरात आलं.

मला यातून एवढंच घ्यायचंय की मशीन बाहेरून आलं का यापेक्षा आणल्यावर ब्रँडने त्याच्यावर काय काम केलं ते विचारायचं. १९९९ मध्ये ओमेगाने इंग्लिश घड्याळजी जॉर्ज डॅनिएल्सचं को-ॲक्सिअल एस्केपमेंट (बॅलन्सला ठोक्याठोक्याने रेटा देणारी यंत्रणा) पहिल्यांदा आणलं ते ईटीए २८९२ वर आधारलेल्या २५०० मध्ये. पाया ईटीएचा आणि काम एवढं मोठं. दुसरीकडे रोटरवर नाव कोरून किंमत तिप्पट करणारेही आहेत.

## ५. मशीन तेच, ग्रेड वेगळी

ही गोष्ट फार कमी लोक विचारतात. २८२४ एकच नाही. ईटीए ते वेगवेगळ्या ग्रेडमध्ये देते: स्टँडर्ड, एलाबोरे, टॉप आणि क्रोनोमीटर. स्टँडर्ड दोन स्थितींत (घड्याळ आडवं, उभं असं वेगवेगळं धरून) लावून दिलेलं असतं, एलाबोरे तीन, टॉप पाच. टॉपमध्ये बॅलन्स आणि हेअरस्प्रिंगही वरच्या दर्जाची असते. क्रोनोमीटर म्हणजे टॉपच, पण सीओएससी या स्विस तपासणी संस्थेची परीक्षा पास झालेलं, जिथे मशीन १५ दिवस, पाच स्थितींत, ८, २३ आणि ३८ अंश तापमानाला तपासतात आणि सरासरी दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंदांत बसावं लागतं.

म्हणून दोन ब्रँडची २८२४ वाली घड्याळं समोर असतील आणि किमतीत बराच फरक असेल तर ग्रेड विचारा. क्रोनोमीटर सर्टिफिकेट इन-हाऊसचा पुरावा नाही हेही लक्षात असू द्या, सेलिटाची मशीनंसुद्धा ती परीक्षा पास होतात.

## ६. सर्व्हिसचा प्रश्न पैसे देण्याआधी सोडवा

इथे मी चुकलो होतो म्हणून जरा ठासून लिहितो.

मेकॅनिकल घड्याळ म्हणजे तेलावर चालणारं यंत्र. तेल सुकतं, पाच-सात वर्षांनी, काही नवीन मशीनं दहापर्यंत जातात, पण सर्व्हिसिंग चुकत नाही. २८२४, एसडब्ल्यू२००, ७७५० ही मशीनं एवढी पसरलेली आहेत की कुठल्याही चांगल्या घड्याळजींनी ती शेकड्यांनी उघडलेली असतात, सुटे भाग मिळतात आणि अगदीच काही झालं तर अख्खं मशीन बदलता येतं. ब्रँडच्या स्वतःच्या मशीनला हे लागू नाही. काही ग्रुप बाहेरच्या घड्याळजींना सुटे भाग देतच नाहीत. म्हणजे तुमचे घड्याळजी कितीही कसबी असले तरी हात वर करणार. आमचे घड्याळजी माझं घड्याळ उघडून पाच मिनिटं भिंगातून बघत होते आणि मग झाकण परत लावून म्हणाले, "दोष सापडलाय, पण हे चाक मला कोणी देणार नाही. तिकडेच टाका."

घेण्याआधी हे प्रश्न लेखी विचारा, ईमेलवर, तोंडी नको:

- या कॅलिबरचं पूर्ण सर्व्हिसिंग तुमच्या देशात होतं की बाहेर पाठवतात?
- आजच्या दराने खर्च किती आणि वेळ किती?
- सर्व्हिसिंगमध्ये मशीन साफ करून तेल घालतात की अख्खं मशीनच बदलून देतात?
- सुटे भाग किती वर्षं ठेवण्याची हमी आहे?
- बाहेरच्या घड्याळजीने उघडलं तर तुम्ही पुढे घड्याळ घ्यायला नकार देता का?
- वॉरंटी किती वर्षं?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बरंच काही सांगून जातं. ओरिसने २०२० मध्ये स्वतःचं कॅलिबर ४०० आणलं तेव्हा दहा वर्षांची वॉरंटी आणि दहा वर्षांनीच सर्व्हिसिंग असं सांगितलं. ज्या ब्रँडला आपल्या मशीनवर एवढा भरवसा आहे त्याच्या इन-हाऊसला मी जास्त पैसे आनंदाने देईन. मशीन नवंकोरं, वॉरंटी दोन वर्षं आणि सुट्या भागांबद्दल मौन, असं असेल तर ते मशीन बाजारात येऊन चार-पाच वर्षं होईपर्यंत थांबा. नवीन डिझाइनच्या खोडी त्या काळात बाहेर येतात.

## ७. इन-हाऊसला जास्त पैसे कधी द्यायचे

तुमच्या हातावर जाणवेल असा फरक असेल तेव्हा. ट्यूडर ब्लॅक बे २०१२ मध्ये ईटीए घेऊन आलं आणि २०१६ मध्ये स्वतःचं मशीन आलं. ३८ तासांचे ७० तास झाले, म्हणजे शुक्रवारी रात्री काढून ठेवलं तर सोमवारी सकाळी चालू. हा रोजचा फायदा आहे. पण केसही जाड झाली आणि बऱ्याच जणांना जुनंच पातळ आवडतं. दोन्ही हातावर घालून बघितल्याशिवाय हे कळत नाही. चुंबकाला न जुमानणारी सिलिकॉन हेअरस्प्रिंग हाही खरा फायदा, आपण दिवसभर फोन आणि लॅपटॉपच्या सहवासात असतो. आणि मागच्या काचेतून बघून मन भरत असेल, तर तोही फायदाच, मी तो कमी समजत नाही.

फक्त 'पुढे विकताना किंमत चांगली येते' या एका कारणासाठी मात्र देऊ नका. जुन्या बाजारात आधी ब्रँड आणि मॉडेल चालतं, मशीन नंतर.

## ८. जुनं घड्याळ घेताना

मशीनवरचा नंबर त्या रेफरन्सला जुळतो का ते बघा. सामान्य मशीनं सहज मिळतात म्हणून त्यात अदलाबदलीही सहज होते. टाइमग्राफरवर पूर्ण चावी देऊन डायल वर ठेवून ॲम्प्लिट्यूड, म्हणजे बॅलन्स व्हील किती अंश झोका घेतं ते बघा, २७० ते ३१० च्या आसपास असावं, २०० च्या खाली असेल तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा करून बोला. एक सापळा आहे: टाइमग्राफरमध्ये त्या मशीनचा लिफ्ट अँगल, म्हणजे त्या मशीनसाठी ठरलेला एक कोन, भरावा लागतो. २८२४ चा ५० अंश, ओमेगाच्या को-ॲक्सिअलचा ३८. चुकीचा भरला तर चांगलं घड्याळ आजारी दिसतं आणि आजारी घड्याळ ठणठणीत.

## ९. घरी आणल्यावर

पूर्ण चावी द्या, ऑटोमॅटिकला क्राऊनचे तीस-चाळीस फेरे पुरतात, आणि न घालता ठेवून द्या. किती तासांनी थांबलं ते वहीत लिहा. मग दहा दिवस रोज एकाच वेळेला फोनशी ताडून किती सेकंद पुढे किंवा मागे ते लिहा. तारीख रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान हाताने बदलू नका, २८२४ आणि ७७५० मध्ये तेव्हा तारखेची चाकं गुंतलेली असतात आणि दात तुटतो. तुमच्या मशीनला हे बंधन नसेल तर पुस्तिकेत तसं लिहिलेलं असतं, ते वाचा.

कॅलिबरचा नंबर, ग्रेड आणि सर्व्हिस सेंटरचा तो ईमेल, तिन्ही वॉरंटी कार्डाच्या पाकिटात ठेवा. आणि वहीतला पहिला आकडा, किती तास चाललं तो, दर वर्षी एकदा परत मोजा. माझं घड्याळ पहिल्या वर्षी ६८ तास चाललं होतं, तिसऱ्या वर्षी मोजलं असतं तर बंद पडायच्या कितीतरी आधी मला कळलं असतं.